गाळा घेताना आधी मंजूर नकाशा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यवसायासाठी पहिला गाळा घेणारे बरेच जण टोकन देऊन मोकळे होतात आणि मग वकील शोधतात. ‘रजिस्टर होणार आहे ना, मग काळजी कसली?’ हा समज फार महागात पडतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे का, गाळा अधिकृत आहे का, याची हमी तो देत नाही.

म्हणून टोकनआधी पालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) हातात घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्काचा अर्ज करून प्रती मागता येतात. नकाशात त्या जागी ‘दुकान’ असेच लिहिलेले हवे. तिथे स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली वाहनतळाची जागा, असेल तर भिंती घालून आणि शटर बसवून त्याचा गाळा होत नाही. बिल्डरला असे पार्किंग स्वतंत्र युनिट म्हणून विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. टेप घेऊन जागेवर जा. पोटमाळा नकाशात आहे का, शटरपुढचा ओटा सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) तर येत नाही ना, हे पाहा. अशा ओट्याचे पैसे सर्रास घेतले जातात आणि अतिक्रमणाच्या कारवाईत तोच आधी तुटतो.

सर्च, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदींचा शोध, ३० वर्षांचा करा. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेले कर्ज सूची क्रमांक २ मध्ये (निबंधक कार्यालयातल्या नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत) दिसेलच असे नाही, तेव्हा अशा तारणांची नोंद ठेवणाऱ्या ‘सरसाई’ (CERSAI) या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या पोर्टलवरही शोध घ्या. आधीच्या मालकांच्या साखळीतले सगळे जुने करार मूळ स्वरूपात पाहा. झेरॉक्सवर विसंबू नका. खरेदीआधी हरकती मागवण्यासाठी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीत सिटी सर्व्हे क्रमांक, मजला आणि गाळा क्रमांक हवाच, नाहीतर हरकत घेणाऱ्याला कळणार कसे?

पैशांचा हिशेबही आधीच मांडा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांपैकी जास्त रकमेवर लागते. महिलांची १ टक्का सवलत निवासी सदनिकेला आहे, गाळ्याला नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा आयकर) खरेदीदारानेच कापून भरायचा. रेरा (स्थावर संपदा कायदा) लागू असलेल्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका.

नव्या प्रकल्पांचे नकाशे महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पालिकांनी जुन्या इमारतींचे मंजूर नकाशेही संकेतस्थळावर टाकावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

– मालमत्तेचे दस्त तपासणारे वकील, पुणे