गवतालाही एक रकाना द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेली ११ वर्षं मी पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर गवत मोजतो. हो, गवतच. लोखंडी गजाची एक मीटर बाय एक मीटर चौकट टाकायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं, कागदी पिशवीत वाळवायचं आणि तोलायचं. पाहुण्यांनी विचारलं की मुलगा नक्की काय करतो हे आईला अजून सांगता येत नाही.

या तोलण्यातून निघतं काय? चौकटीतलं वाळलेलं गवत १५० ग्रॅम भरलं, तर हेक्टरी दीड टन. त्यातलं निम्मं माळावरच ठेवायचं, म्हणजे मुळं जगतात आणि माती धरून राहतात. उरले ७५० किलो. एक मेंढी दिवसाला साधारण किलोभर सुकी वैरण खाते. म्हणजे १०० मेंढ्यांचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) त्या हेक्टरावर आठवडाभर राहू शकतो, मग त्यानं पुढं सरकलं पाहिजे. चराईचं शास्त्र मुळात एवढंच आहे. अवघड असतो तो पाऊस, आणि माणसं.

आणि कागद. सरकारी कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’. त्यामुळे वृक्षलागवडीची मोहीम निघाली की खड्डे आधी माळावर पडतात. २०१९ साली राज्याचं लक्ष्य ३३ कोटी झाडांचं होतं. एवढ्या झाडांना मोकळी जागा कुठं दिसणार, हे वेगळं सांगायला नको.

एका उतारावर मी पवन्या-मारवेल या चाऱ्याच्या गवतांच्या दाट गादीत चौकट टाकली होती. पुढच्या वर्षी गेलो तर तिथं रांगेनं खड्डे आणि गिरिपुष्पाची रोपं. खड्ड्यातून निघालेल्या भुसभुशीत मातीवर पवन्या परत आलाच नाही. आधी गाजरगवत आलं, त्याच्या मागून कुसळ. त्या हिवाळ्यात वाड्यावरच्या मेंढपाळ मामांनी एका मेंढीचा ओठ उलटून मला दाखवला. हिरडीत तीन कुसळं रुतलेली, भोवती पू. चार दिवस ती चरली नव्हती. रोपं किती जगली याचा अहवाल मात्र टक्केवारीसह वर गेला. गवत किती गेलं, हे विचारणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. लांडगा, खोकड, चिंकारा याच मोकळ्या गवतावर जगतात, त्यांचंही तेच.

मी चराईबंदीच्या विरोधात नाही. हिवरे बाजारनं ती केली, गवत कापून नेलं आणि उजाड डोंगर हिरवे करून दाखवले. पण गोठ्यातल्या गाईपुढं भारा टाकता येतो. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा आणि पावसाच्या तोंडावर घाटमाथ्यावर परतणारा वाडा कुठल्या गोठ्यात बांधणार? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा उल्लेख स्पष्ट आहे. मामांच्या बंडीच्या खिशात मात्र मला दंडाच्या पावत्याच सापडल्या. गंमत म्हणजे मेंढीपालनाच्या महामेश योजनेत सरकारच २० मेंढ्या आणि एका नरासाठी अनुदान देतं. त्या चारायच्या कुठं, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा!

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या आराखड्यात, माळाला गवताळ प्रदेश म्हणा आणि झाडांच्या तक्त्याशेजारी गवताचा रकाना द्या : जात कोणती, हेक्टरी वजन किती, वाडा कधी आला, कधी उठला. तो भरायला निदान प्रत्येक वनपरिक्षेत्रात गवत ओळखणारं एक माणूस हवं. ते बाहेरूनच आणायला हवं असंही नाही. मामांना माझ्यापेक्षा जास्त गवतं ओळखता येतात, फक्त नावं वेगळी. आणि तो रकाना भरेपर्यंत गवत असलेल्या माळावर नवा खड्डा नको. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे. त्या निमित्तानं परिसंवाद होतील, फलक लागतील. त्यापेक्षा हा एक रकाना स्वस्त पडेल.

ऑक्टोबरात गवतानं बी धरलं की मी चौकट घेऊन माळावर असतो. आपल्याला सवड होणार नाही, हे समजतं. आयोजना लिहिणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला पाठवा. विळा मी देईन.

आपला,
माळावरचा एक चराई अभ्यासक