हातचा दोनदा

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर पाठवले नाही, त्याबद्दल आधी कान धरते. कारणे देत बसत नाही, कारण ती तुला पटणार नाहीत आणि खरे तर मलाही पटलेली नाहीत. माझी साखर आटोक्यात आहे, दादाचा खोकला नेहमीचाच. आज लिहायला बसले ते एका वजाबाकीमुळे, आणि ती तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला दाखवण्यात काही अर्थ नाही.

झाले असे, की मीनलच्या ओजसला वाचन जड जाते म्हणून त्याची बुद्धिमापन चाचणी करायचे ठरले आणि मीनलला रजा न मिळाल्यामुळे त्याला घेऊन मी गेले. चाचणी घेणारा मुलगा, मुलगाच म्हणायचा कारण तिशीही गाठली नसेल, पेटी उघडण्याआधी ओजसचे वय मांडत बसला: वर्षे, महिने, दिवस. एकदा मांडले, मग कागद उलटा करून पुन्हा मांडले. मला हसू आले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सगळी तुलना त्याच वयाच्या मुलांशी असते. इथे चुकलो, तर पुढचे सगळे बरोबर करूनही उत्तर चुकते."

त्या रात्री मी बाबांच्या कागदांची पिशवी उपसली. आपल्या स्टॉपवॉचवाल्या बाईंचा तो कागद तुला आठवत असेलच: निळी शाई आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेला १३१. तो आकडा मी आयुष्यात असंख्य वेळा पाहिला असेन, पण त्याच्या वरची वजाबाकी कधीही वाचली नव्हती. चाचणीची तारीख १० फेब्रुवारी १९८४, माझा जन्म १८ नोव्हेंबर १९७३. दहातून अठरा जात नाहीत म्हणून बाईंनी महिना सुटा केला, महिन्यांतून अकरा जात नाहीत म्हणून वर्ष सुटे केले, इथवर ठीक. पण वर्षांच्या घरात ८४ खोडून ८३ केले आहेत आणि ते ८३ पुन्हा खोडून ८२. हातचा दोनदा घेतला, शुभा! मी तेव्हा १० वर्षे २ महिन्यांची होते, आणि कागदावर आहे ९ वर्षे २ महिन्यांची.

पुढचा हिशेब तू मनातल्या मनात केलाच असशील. माझे मानसिक वय, म्हणजे मी सोडवले तेवढे प्रश्न सर्वसाधारण मुलाला ज्या वयात जमतात ते वय, निघाले १२ वर्षे, म्हणजे १४४ महिने. त्याला ११० ने भागून शंभराने गुणले की १३१ येतात. खऱ्या १२२ महिन्यांनी भागले की ११८. शाळेच्या निवडक वर्गात जाण्याची रेघ होती १३०. तुझे आले होते १२१.

मग मी तुझा आकडा उलटा सोडवला. तुझा जन्म ४ ऑगस्टचा, म्हणून दिवसांच्या घरात उसने घेण्याची वेळच आली नाही आणि बाईंचा घोटाळा झाला नाही. वय १० वर्षे ६ महिने. त्यावर १२१ यायचे तर मानसिक वय १२ वर्षे ८ महिने हवे. त्या चाचणीत एकेका प्रश्नाला दोन महिने मिळत, म्हणजे त्या दिवशी तू माझ्यापेक्षा चार प्रश्न जास्त सोडवले होतेस. चारांपैकी एक उलटे आकडे म्हणण्याचा असणार, हे मी पैजेवर सांगते, कारण ते मला अजूनही जमत नाही. तुझे वयही वर्षाने चुकले असते, तर तुझे १३३ झाले असते आणि बाके एकाच खोलीत लागली असती.

आता तू म्हणशील, की ११८ आणि १२१ यांत फरक तो काय. बरोबर आहे, काहीच नाही. ओजसच्या अहवालात नुसते १०४ लिहिलेले नाही, तर ९५ टक्के खात्रीने ९८ ते ११० असे लिहिले आहे, आणि आपल्या वेळी असे लिहिण्याची पद्धत असती, तर आपल्या दोघींच्या पट्ट्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या असत्या. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात ७० ची रेघ होती; त्याहून जास्त गुण मिळालेल्या कैद्याला बौद्धिक अक्षमता सिद्ध करून मृत्युदंड टाळताच येत नसे, आणि हॉल नावाच्या कैद्याला ७१ मिळाले होते. मोजमापातली चूक न धरता अशी रेघ मारता येणार नाही, हे सांगायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साल उजाडले. आपल्या शाळेच्या कार्यालयाकडून तेवढी अपेक्षा कोण करणार होते?

ही चाचणी मुळात काढणाऱ्या बिचाऱ्या बिनेला हा भागाकार ठाऊकच नव्हता. त्याने आणि सिमोंने १९०५ साली पॅरिसमध्ये ही प्रश्नावली केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कुठे हवी हे शोधायला. तो १९११ साली गेला, आणि मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. पुढे अमेरिकेतल्या टर्मन या मानसशास्त्रज्ञाने शंभराने गुणले. टर्मनवरून आठवले, गच्चीवरच्या त्या भांडणात तू शॉकली आणि अल्वारेझ माझ्या तोंडावर फेकले होतेस: टर्मनच्या हुशार मुलांच्या यादीतून ते दोघे वगळले गेले आणि दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. त्यावर मी म्हणाले होते, की मग तूही आण. किती आगाऊ होते मी!

पण चाचणी म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणून मला सुटता येत नाही. तसे म्हणणे सोयीचे आहे, आणि तूही ते कधी म्हणाली नाहीस. स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची, एकूण ८७,४९८ जणांची, १ जून १९३२ रोजी एकच चाचणी घेतली होती, आणि त्यांतल्या काहींना सत्तरी उलटल्यावर तीच पुन्हा दिली, तेव्हा अकराव्या वर्षीचा क्रम बऱ्याच अंशी टिकलेला आढळला. आकड्याला अर्थ आहे, तो मोठ्या जमावात चांगला दिसतो. दोन मुलींमध्ये कोण पुढे आणि कोण मागे, हे त्यातून वाचायला गेले की माझ्यासारखी फजिती होते. शिवाय ज्यांच्याशी तुलना करायची ती सरासरीची कोष्टके जुनी झाली की सगळ्यांचेच आकडे फुगतात, दर दहा वर्षांना सुमारे ३ गुणांनी, हे फ्लिन नावाच्या संशोधकाने दाखवले. आणि बाईंची ती पेटी आपल्या आयांच्या वयाची होती. तेव्हा माझे ११८ देखील घट्ट धरून बसण्यासारखे नाहीत.

मला खरी टोचणी आहे ती दुसरीच. तुझी नोकरी सुटली त्या रात्री, त्याच गच्चीवर, सगळ्यांसमोर, मी जे वाक्य बोलले ते तुला शब्दशः पाठ असणार. "दहा गुण उगाच कमी पडत नाहीत." तू हातातला पेला खाली ठेवलास, कडेचे पाणी बोटाने पुसलेस आणि निघून गेलीस. दोन वर्षांनी आपण पुन्हा बोलायला लागलो, पण त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही, कारण मनाच्या एका कोपऱ्यात मला ते खरे वाटत होते. कठोर आहे, पण खरे आहे, असे. आज ते कठोर होतेच, शिवाय खोटे निघाले. आणि याची मला जास्त लाज वाटावी की कमी, हेच कळेनासे झाले आहे. आकडा बरोबर निघाला असता, तर मी हे पत्र लिहिले असते का? नसते, आणि यासाठी मला अधिक बोलणी बसायला हवीत.

निवडक वर्गात मला जे मिळाले ते वजा करता येत नाही. तिथे मी चुकले, की सर म्हणत, "घाई केलीस." तुमच्या वर्गात तीच चूक झाली, की "डोक्यावरून गेले" म्हणत, हे तूच मला सांगितले होतेस आणि मी तेव्हा हसले होते. अवघड काही समोर आले, की जमेल असे मी धरूनच चालत असे, ते ११८ च्या जोरावर नव्हे, तर न मिळालेल्या १३१ च्या जोरावर. तुला त्या धरून चालण्याला मुकावे लागले, आणि तरीही तू जे केलेस ते केलेस.

ओजसचे ठीक आहे. त्याचा शब्दसंग्रह उत्तम आहे, चिन्हे भराभर उतरवण्यात मात्र तो फार मागे पडला, कारण वेळ चाललेली असताना तो एकेक चिन्ह खोडून सुबक काढत होता. मीनलने आधी १०४ पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला खोडरबराची गोष्ट सांगितली. माझी अजून सांगितलेली नाही.

तुझा गुडघा कसा आहे, आणि नव्या घरात बस्तान बसले का? अनघाचा निकाल कळव. तिला माझे आशीर्वाद.

कागदाची प्रत सोबत जोडली आहे. वजाबाकी तू एकदा तपासून पाहा. माझी पुन्हा चुकली असण्याचा संभव आहे. आणि चुकली असलीच, तरी गच्चीवरच्या वाक्याची माफी मागते, ती परत घेणार नाही.

तुझी,
वसू