यंदा गणपतीनंतर मिलवॉकीला या

मिलवॉकी,
जुलै

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता तुमच्या गावात बघायचं काय राहिलंय? नुसतं घरात बसायला एवढं तिकीट कशाला?" मागून आईने गुडघ्याचा विषय काढला आणि बोलणं तिथेच थांबलं. या प्रश्नाचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय कागदावर आलेलं असलं की तुम्हाला जास्त पटतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मागच्या खेपेला आपण अर्धा मुक्काम गाडीत काढला. हायवे, मोटेल, डब्यातल्या थंड पोळ्या. आणि ज्या गावात तुमची मुलगी राहते ते गाव मात्र तुम्ही फक्त तळ्याच्या काठावरून पाहिलंत. यंदा उलटं करू. गौरी-गणपती आटोपले की निघा आणि नोव्हेंबर संपेपर्यंत राहा. गावाबाहेर कुठे जायचं नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत इथे जे जे आहे त्यातलं तुम्हाला काय आवडेल, ते मी आधीच काढून ठेवलंय.

आत्ताचा उन्हाळा चुकला म्हणून हळहळू नका. समरफेस्ट नुकताच उरकला. १९६८ पासून चालू असलेला हा गाण्याबजावण्याचा प्रचंड उत्सव. तळ्याकाठच्या मैदानात एकाच वेळी अनेक स्टेज, बिअर आणि गर्दी. बाबांना गणेशोत्सवातला डीजे सोसत नाही, तिथे हे काय सोसणार! त्याच मैदानावर पुढे जर्मनांचा, आयरिश लोकांचा, मेक्सिकनांचा असे शनिवार-रविवारचे मेळे होत राहतात. तेही राहू द्या.

तुमच्यासाठी खरी गोष्ट सप्टेंबरच्या शेवटाला आहे. 'डोअर्स ओपन मिलवॉकी' म्हणून दोन दिवस गावातल्या शंभराहून जास्त इमारती लोकांसाठी उघडतात. देवळं, चर्च, बँकांच्या तिजोऱ्या, जुन्या दारूभट्ट्या, एरवी सभासदांशिवाय कुणाला पायरी चढू न देणारे क्लब. २०११ पासून चाललंय. आत जायला पैसे पडत नाहीत (बाबा, हे वाक्य दोनदा वाचा), आणि स्वयंसेवक म्हणून उभी असलेली माणसं बहुतेक तुमच्याच वयाची, रिटायर झालेली. एक प्रश्न विचारलात तर ते दहा उत्तरं देतात. तुमचं छान जमेल.

त्यात सिटी हॉल बघायचाच. १८९५ ची इमारत, मनोऱ्यासकट ३५३ फूट उंच, आणि आत शिरून वर बघितलं की मधला चौक थेट आठ मजले वर गेलेला, चहूबाजूंनी लोखंडी कठडे. पण तुम्हाला मी तिथे नेणार ते वेगळ्याच कारणासाठी. अमेरिकेत समाजवादी महापौर निवडून यायचे, हे तुम्हाला माहीत होतं का? या गावाने १९१० मध्ये एमिल सायडेल निवडून दिला, मग १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षं डॅनियल होन, आणि १९४८ ते १९६० फ्रँक झाइडलर. क्रांतीची भाषणं कमी, पाणी आणि ड्रेनेजच्या फायली जास्त. बाकीचे समाजवादी त्यांना 'गटारवाले' म्हणून हिणवायचे. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात ज्याने सगळी नोकरी काढली, नळयोजनेच्या एकेका मंजुरीसाठी मंत्रालयात खेटे घातले, त्या माणसाने त्या चौकात पाच मिनिटं तरी उभं राहायला हवं, असं मला वाटतं.

आणि आता तुमचं ते यंत्र. तुमच्या टेबलावरचं, खाकी कापडी झाकणाचं. मला आठवतंय, शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर मी ऑफिसात यायची आणि तुम्ही मला कार्बनचा वापरून संपलेला कागद द्यायचात. निळी बोटं घेऊन घरी गेले की आई आधी तुमच्यावर ओरडायची. तर तो टाइपरायटर, म्हणजे लोकांनी खरोखर विकत घेतला, ज्यातून पुढचे सगळे आले तो, इथे मिलवॉकीतच जन्मला. क्रिस्टोफर लेथम शोल्स नावाचा गृहस्थ. वर्तमानपत्राचा संपादक, थोडं राजकारण केलेला, बंदरावर जकातीचा अधिकारी. क्लाइनस्टुबरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ग्लिडन आणि सूल या दोघांना घेऊन त्याने खटपट केली आणि २३ जून १८६८ ला पेटंट मिळवलं. १८७३ मध्ये हक्क गेले रेमिंग्टनकडे. ते तोवर बंदुका आणि शिवणयंत्रं बनवायचे. पहिल्या मशीनवर फक्त मोठी लिपी उमटायची, आणि टाइप करताना कागदावरची अक्षरं दिसतच नसत, कारण खिळे खालून वर आपटायचे. चूक झाली की नाही ते दोन-चार ओळी पुढे गेल्यावर कळणार! तुमच्या साहेबांच्या हाताखाली असं मशीन असतं तर काय झालं असतं?

ते वर्कशॉप आता नाही. स्टेट स्ट्रीटवर त्या जागी फक्त एक पाटी आहे. पार्किंगच्या शोधात असलेली माणसं तिच्याकडे बघतही नाहीत. शोल्सची कबर फॉरेस्ट होम स्मशानभूमीत आहे. तिथे मोठाली झाडं आहेत, गाडी आतपर्यंत जाते, बसायला बाकं आहेत. क्वर्टी म्हणतात ती कळांची रचनाही त्याचीच. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या परीक्षेसाठी तुम्ही ज्या कळांवर बोटं झिजवलीत, त्यातल्या इंग्रजीच्या कळा याने लावल्यात. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर काढला आणि पुढे तो शिरवळच्या कारखान्यात बनायचा. पुण्याला जाताना एसटीतून तुम्ही तो कारखाना मला दर वेळी दाखवायचात. आता मी तुम्हाला ही पाटी दाखवते.

आई, आता तुझी पाळी. गावाच्या दक्षिण अंगाला सेंट जोसाफाट बॅसिलिका आहे. पोलंडहून आलेल्या गरीब कामगारांनी बांधलेली. कशी, ते ऐक. शिकागोचं जुनं पोस्ट आणि कस्टम ऑफिस पाडायला काढलं होतं. इथल्या फादर ग्रुट्झाने त्याचे दगड, खांब, दारं, अगदी कड्याकोयंड्यांपर्यंत सगळं मोडीत विकत घेतलं आणि रेल्वेच्या सुमारे पाचशे उघड्या वाघिणींतून इकडे आणलं. वीस हजार डॉलर मोजले. १९०१ मध्ये चर्च उभं राहिलं, घुमट रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीचा. आत गेलीस की दाराच्या मुठी नीट बघ. त्या सरकारी कचेरीच्याच आहेत. जुन्या साडीचं काहीतरी करून दाखवणाऱ्या बाईला हे चर्च आवडणारच.

आणि पोलिश म्हटल्यावर तुला वळिवडं आठवेल. आजोबा सांगायचे ना, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ पाच हजारांच्या आसपास पोलिश बायका-मुलं येऊन राहिली होती, १९४३ ते ४८? त्यांच्या बराकींच्या जागी पुढे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. तू माहेरी गेलीस की चादरी आणायला जायचीस तेच. इथे कुणाला मी हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. तू सांग, तुझ्या तोंडून जास्त खरं वाटेल.

पण एक बाजू लपवून ठेवत नाही. बॅसिलिकेच्या अगदी जवळच कोशियुस्को पार्क आहे. १९६७ मध्ये काळ्या लोकांना गावाच्या दक्षिण भागात घर भाड्यानेसुद्धा मिळत नसे. वेल फिलिप्स ही नगरपालिकेत निवडून आलेली पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती. घरांबाबत भेदभाव नको असा ठराव तिने १९६२ पासून पुनःपुन्हा मांडला, आणि दर वेळी तिच्या बाजूने एकच मत पडायचं, तिचं स्वतःचं. शेवटी २८ ऑगस्टला तरुण पोरं आणि जेम्स ग्रोपी नावाचा गोरा पाद्री सोळाव्या रस्त्याचा पूल ओलांडून या पार्ककडे चालत निघाले. पलीकडे हजारोंचा जमाव दगड-बाटल्या घेऊन उभा होता. दुसऱ्या रात्री ते पुन्हा निघाले. असे सलग दोनशे रात्री. कायदा झाला १९६८ च्या एप्रिलअखेर. पुलाला आता ग्रोपीचं नाव आहे. बाबा, गाडीतून पूल ओलांडताना कळेल, अजूनही अलीकडची वस्ती आणि पलीकडची वस्ती वेगळीच आहे. मेळे आणि रोषणाई दाखवून गाव दाखवलं असं म्हणणं मला पटत नाही, म्हणून उत्तरेकडे ब्रॉन्झव्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीतही एक दिवस ठेवलाय. अमेरिकाज ब्लॅक होलोकॉस्ट म्युझियम तिथे आहे. ते १९८८ मध्ये सुरू केलं जेम्स कॅमेरॉन यांनी. १९३० मध्ये इंडियानात जमावाने त्यांच्या दोन सोबत्यांना फासावर लटकवलं आणि सोळा वर्षांच्या कॅमेरॉनच्या गळ्यातही दोर घातला होता, ते वाचले. आई, ते बघणं जड जातं. तुला नको वाटलं तर आपण दोघी बाहेर कॉफी घेत बसू.

ऑक्टोबरमध्ये गॅलरी नाइट असते, थर्ड वॉर्ड भागात. १८९२ च्या आगीत तो जवळजवळ सगळा जळाला होता, मग गोदामं उठली, आता त्याच गोदामांत चित्रांची दुकानं आहेत. तासभर पुरे. आर्ट म्युझियमला मात्र मुद्दाम दुपारी बाराला जायचं. कालात्रावा या वास्तुकाराने २००१ मध्ये बांधलेल्या इमारतीवर २१७ फुटी पंख आहेत, ते बारा वाजता मिटून पुन्हा उघडतात. वारा फार असला तर आपोआप बंदच राहतात, म्हणून तुमच्या नातीने दोन-तीन दिवस राखून ठेवायला सांगितलंय. आणि ओरिएंटल थिएटरात एक सिनेमा. १९२७ चं आहे. आत हत्ती, सिंह, भलेमोठे बुद्ध, त्यांचे डोळे चमकतात. हिंदुस्थान न बघता कुणीतरी मनाने काढलेला हिंदुस्थान! जावईबापू म्हणतात की सिनेमा कसला का असेना, बाबा छताकडे बघण्यातच तीन तास घालवतील.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकन लोकांचा मृतांचा दिवस येतो. घरातल्या गेलेल्या माणसांचा फोटो मांडतात, त्यांना आवडायचं ते खायला ठेवतात, मेणबत्त्या, पाणी, मीठ. आपल्या पितृपंधरवड्याशी ताडून बघायला तुला आवडेल. दक्षिण भागातल्या लॅटिनो आर्ट्सच्या गॅलरीत अशा मांडण्यांचं प्रदर्शन भरतं. गेल्या वर्षी मी एका मांडणीपुढे थबकलेच. खाली सगळा झेंडू. नारिंगी, घट्ट, दसऱ्याला दाराला लावतो तोच, आणि वासही तोच, किंचित कडवट. शेजारी एक म्हातारी पाकळ्या सुट्या करून जमिनीवर वाट आखत होती. देठाकडून चिमटीत धरून एका झटक्यात, तू करतेस तशीच. झेंडू मूळचा त्यांचाच बरं का, मेक्सिकोतून आपल्याकडे आलेला. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. तू असतीस तर खाली बसून कामालाच लागली असतीस.

आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात हॉलिडे फोक फेअर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून भरतंय. कितीतरी देशांची माणसं आपापले नाच, खाणं, विणकाम घेऊन एका छताखाली बसतात. सगळं आतल्या आत, हीटर चालू. आईचा दिवसभराचा मुक्काम तिथे भरतकामाच्या टेबलापाशी असणार, हे मी आत्ताच सांगते.

आता गुडघा. बहुतेक ठिकाणी लिफ्ट आहे, म्युझियममध्ये चाकाची खुर्ची मागितली की देतात. जुन्या इमारतीत मनोऱ्यावर चढायचं असेल तिथे आई खाली थांबेल. हट्ट करायचा नाही. ऑक्टोबरपासून थंडी वाढते, पण कोट आमच्याकडे आहेत, नवे घेऊ नका. फक्त पायमोजे जाड आणा. प्रवासाचा विमा मी इथून काढते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. गोडा मसाला आणा. लोणचं आणू नका, मागच्या वेळी बॅगेत फुटलं होतं.

एकच अडचण दिसते. डोअर्स ओपनचे दिवस पितृपंधरवड्याच्या आसपास येतात आणि अण्णांची तिथी आई चुकवणार नाही. इथे पेवॉकीच्या देवळात गुरुजी आहेत, त्यांच्याकडून करून घेता येईल. नाहीतर तिथी उरकून तुम्ही निघा आणि सिटी हॉल आपण साध्या कामाच्या दिवशी बघू, ऑफिसच ते, उघडंच असतं. आई, पंचांग बघून तारीख कळव. तिकिटं चढायला लागली आहेत, या रविवारपर्यंत ठरलं तर बरं.

तुमची,
बाळी

ता. क. बाबा, तुमच्या टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट कपाटात असेल तर त्याचा फोटो पाठवा. नात शाळेत शोल्सवर काहीतरी करतेय, तिला लावायचा आहे.