डेन्मार्कमधल्या नावांविषयी आत्यास पत्र

ऑर्हूस, डेन्मार्क
१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. इकडच्या लोकांची नावे कानाला खडबडीत लागतात, त्यांना काही अर्थ असतो का, आणि आपल्या बारशासारखा विधी इथे असतो का, असे तू विचारले आहेस. आपल्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या कानात तूच नाव सांगितलेस, म्हणून तुला सविस्तर उत्तर लिहावेसे वाटले.

परवा दहा तारखेला इथे 'मोर्टेनची संध्याकाळ' झाली आणि घरोघरी बदक भाजले गेले. चौथ्या शतकातील संत मार्टिन यांना बिशपपद नको होते, म्हणून ते हंसांच्या कळपात लपले आणि हंसांच्या कलकलाटामुळे सापडले, अशी कथा आहे. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आले, ज्याच्या ग्रहाला आपण मंगळ म्हणतो. डॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे मोर्टेन झाले. १५३६ मध्ये हा देश ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या पंथात गेला आणि संतांची उपासना संपली, पण संतांची नावे लोकांनी सोडली नाहीत. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचे ज्ञानोबा व्हावे तशी ती नावे बोलण्यात झिजून घरची झाली होती. योहानेसचे येन्स आणि हान्स झाले, निकोलाउसचे नील्स, लॉरेन्शियसचे लार्स, सेवेरिनुसचे सोरेन, तर जॉर्जचे योर्गेन. २३ जूनच्या रात्री समुद्रकाठी होळ्या पेटतात, तो 'सांक्त हान्स'चा, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण. बायकांच्या नावांत ही झीज अधिकच दिसते. कारेन म्हणजे कातरिना, मेट्टे म्हणजे मार्गरेथे, किर्स्टेन म्हणजे क्रिस्टिना. लोने हे दोन अक्षरी नाव तर आबेलोनेमधून निघाले, आणि आबेलोने म्हणजे दातदुखीवर जिची प्रार्थना करीत ती संत अपोलोनिया. लोने नावाच्या बाईंशी बोलताना मला आता ती सगळी वाट दिसते.

या थराच्या खाली त्याहून जुना थर आहे, आणि मला तोच अधिक प्रिय आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी इथले लोक दोन शब्द जोडून नाव घडवीत आणि पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या नावातला एखादा अर्धा भाग नव्या बाळाच्या नावात उतरवीत. त्यामुळे आस्ट्रिडमध्ये 'देव' आणि 'सुंदर' एकत्र येतात, सिग्रिडमध्ये 'विजय' आणि 'सुंदर', आणि गुन्हिल्डमध्ये तर दोन्ही अर्ध्यांचा अर्थ लढाई असाच होतो. टोर्बेन हे टोरब्योर्नचे आटलेले रूप. टोर हा मेघगर्जनेचा देव आणि ब्योर्न म्हणजे अस्वल. टोरस्टेनमध्ये तोच देव पाषाणाशी जोडला आहे. यांतली बरीच नावे मधल्या काळात मागे पडली होती. एकोणिसाव्या शतकात आपल्या प्राचीन इतिहासाचा अभिमान जागा झाला तेव्हा ती पुन्हा वर आली. फ्रेया ही प्रेमाची आणि सुपीकतेची देवी, तिच्या नावाचा अर्थ 'स्वामिनी'. हे नाव अलीकडच्या काळात मुलींच्या सर्वांत लोकप्रिय नावांपैकी एक आहे, ही गोष्ट मला फार आनंदाची वाटते.

ही नावे दगडावर कोरलेलीही पाहायला मिळतात. येलिंग या गावी गोर्म राजाने आपली राणी थ्यूरा हिच्यासाठी उभारलेली शिळा आहे आणि शेजारीच त्यांचा मुलगा हाराल्ड याने आईवडिलांच्या स्मरणार्थ दहाव्या शतकात उभारलेली मोठी शिळा आहे. तुझ्या फोनवर ब्लूटूथची जी निळी खूण दिसते ती याच हाराल्ड ब्लोटॅनची; ब्लोटॅन म्हणजे 'निळा दात', इंग्रजीत ब्लूटूथ. त्याच्या नावाची आणि उपनावाची आद्याक्षरे रून या इथल्या प्राचीन लिपीत जोडून ती बनवली आहे. पण मला त्याहून अधिक ओढ लागली ती सोन्नर विसिंग या गावच्या चर्चमधल्या शिळेची. ती हाराल्डची पत्नी टोवे हिने उभारली. मिस्तिवोय याची मुलगी, गोर्मपुत्र हाराल्डची पत्नी टोवे, हिने आपल्या आईसाठी हे स्मारक करविले, असा त्यावर मजकूर आहे. वडिलांचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, सासऱ्याचेही आहे. जिच्यासाठी शिळा उभारली त्या आईचे नाव मात्र कोरलेले नाही.

आडनावांची गोष्टही नावांचीच गोष्ट आहे. येन्सचा मुलगा तो येन्सन आणि मुलगी येन्सदातर, अशी इथली जुनी रीत होती. नील्स येन्सनच्या मुलाचे नाव पेडर असेल तर तो पेडर नील्सन होई, आणि प्रत्येक पिढीत नाव पुढे सरके. १८२८ च्या आज्ञेने आणि पुढे १८५६ च्या कायद्याने आडनाव कायमचे ठरवले गेले, तेव्हा ज्या घरात ज्या बापाचे नाव त्या वेळी चालू होते तेच गोठले. म्हणूनच येन्सन, नील्सन, हान्सन अशा आडनावांची आज इतकी गर्दी आहे, आणि मुलीही 'मुलगा' असा अर्थ असलेले आडनाव लावतात. आपण मधले नाव वडिलांचे आणि शेवटी घराण्याचे आडनाव लावतो, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही गोष्टी टिकल्या. ही आपली पद्धत मला इथे आल्यावर अधिक शहाणपणाची वाटू लागली.

राजघराण्यात तर १५१३ पासून १९७२ पर्यंत क्रिस्टियान आणि फ्रेडरिक ही दोनच नावे आळीपाळीने गादीवर आली. मग 'दुसऱ्या मार्गरेथे' या राणी झाल्या, आणि १४ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे चिरंजीव दहावे फ्रेडरिक म्हणून राजे झाले. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव अर्थातच क्रिस्टियान आहे. यातले एक नाव आपल्या देशातही जाऊन राहिले होते. बंगालमधील श्रीरामपूर १७५५ पासून १८४५ पर्यंत डॅनिश ताब्यात होते, आणि पाचव्या फ्रेडरिकच्या नावावरून त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत.

आता बारशाविषयी. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत बाळाचे नाव नोंदवावे लागते. जन्माची आणि नावाची नोंद बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय चर्चच्या कार्यालयातच होते, मग घर कोणत्याही धर्माचे असो. फक्त जर्मनीला लागून असलेल्या दक्षिण युटलंड या भागात ती नगरपालिकेकडे असते, कारण १८६४ ते १९२० या काळात तो भाग जर्मन सत्तेखाली होता. बरेच पालक चर्चमधल्या बाप्तिस्म्यातच नाव ठेवतात. मंजूर नावांची सरकारी यादी असते, तिच्यात परदेशी नावेही पुष्कळ आहेत. यादीबाहेरचे नाव हवे असेल तर अर्ज करावा लागतो, आणि पुढे मुलाला त्रास होईल असे नाव नाकारले जाते. एखाद्याला हा सरकारचा नसता हस्तक्षेप वाटेल, पण बाळाला स्वतः बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या बाजूने कोणीतरी विचार करावा हे मला योग्य वाटते.

पूर्वी थोरल्या मुलाला आजोबांचे आणि मुलीला आजीचे नाव ठेवण्याची इथे चाल होती. पहिली पत्नी वारली आणि पुरुषाने दुसरे लग्न केले, तर नव्या संसारातल्या पहिल्या मुलीला त्या गेलेल्या बाईचे नाव देत. ही चाल मला कळली तेव्हा मी बराच वेळ त्या दुसऱ्या पत्नीचा विचार करीत होते. सवतीचे नाव रोज मायेने उच्चारायला मन मोठे लागत असेल. शिवाय इथल्या खेड्यातली बाई लग्नानंतरही स्वतःचे आणि वडिलांचे नाव सोडत नसे. मारेन येन्सदातर ही बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि दफनाच्या नोंदीतही मारेन येन्सदातरच असे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून चर्चच्या वह्यांत अशा नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून आज इथली एखादी मुलगी आपल्या आजीच्या आजीचे नाव सहज शोधून काढू शकते.

आपल्याकडे लग्नात तांदळावर नवे नाव लिहिले गेले की माहेरचे नाव मागे पडले. आपल्या पणजीला मी 'लक्ष्मीबाई' या नावानेच ओळखते, आणि ते सासरी ठेवलेले नाव होते एवढेच मला ठाऊक आहे. तिला लहानपणी आईने काय नावाने हाक मारली असेल, हे तुला आजीकडून कधी कळले असेल तर मला लिही. कळले नसेल तर पणजीच्या माहेरच्या मंडळींकडे अजून कोणी जुने माणूस आहे का, ते विचार. तिचे आणि तिच्या जावांचे माहेरचे नाव मिळेल तितके एका कागदावर लिहून काढू आणि वंशावळीच्या वहीत, जिथे फक्त पुरुषांची नावे आहेत, तिथे लावू.

काकांना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. थंडीत गुडघ्यांची काळजी घे.

तुझी भाची,
सुमेधा