मिठाच्या पाण्यात स्टीलची सुरी चमकवू नका

मा. संपादक,
स.न.

हल्ली मोबाइलवर घरच्या घरी इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे करंटने धातूचा वरचा पातळ थर काढून चमक आणायचे व्हिडिओ फार फिरतायत. प्लास्टिकचा टब, मिठाचं पाणी, बॅटरीचा चार्जर, आणि शेवटी आरशासारखी सुरी. मी पिंपरीकडे पॉलिशच्या टँकवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून कळकळीने लिहितोय, स्टेनलेस सुरी मिठाच्या पाण्यात करंटला अजिबात लावू नका.

सुरीच्या स्टीलमधे 12-15 टक्के क्रोमियम असतं, सुरी प्लसला जोडली की लोखंडाबरोबर तेही पाण्यात उतरतं आणि त्यातलं काही हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होतं, जे कॅन्सर करणारं म्हणून जगभर मान्य झालंय. पाणी पिवळट दिसायला लागतं ते त्यामुळेही असू शकतं. वर मिठातून क्लोरीन सुटतो, मायनसला हायड्रोजन सुटतो, आणि हे सगळं लोक बंद बाथरूममधे करतात! एवढं करून चमकही येत नाही, क्लोराइडमुळे पात्याला बारीक खड्डे पडतात.

खऱ्या टँकमधे फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं, ते साधारण 60 डिग्रीला तापवतात आणि दर चौरस डेसिमीटरला 20 अँपियरच्या आसपास करंट देतात. आता 20 सेंटिमीटर लांब, 3 सेंटिमीटर रुंद पातं धरा, दोन्ही बाजू मिळून 120 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1.2 चौरस डेसिमीटर, त्याला 24 अँपियर झाले. घरचा छोटा चार्जर देतो 4-5. करंट कमी पडला की पॉलिश होत नाही, पातं नुसतं खाल्लं जाऊन मळकट पडतं. शिवाय करंट कडेला जास्त ओढला जातो त्यामुळे धार आधी गोल होते, ती लाखेने किंवा टेपने झाकावी लागते हे कोणी सांगत नाही. आणि या पद्धतीत जेमतेम 10-20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) धातू निघतो, खोल ओरखडे तसेच राहतात, म्हणजे पॉलिश पेपर आधी मारावाच लागतो!

सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे नंतर ते पाणी कुठे जातं. मोरीत. चुना टाकला की झालं असं काही जण म्हणतात पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम नुसत्या चुन्याने खाली बसत नाही, आधी त्याला ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमियमचं कमी विषारी रूप करावं लागतं, वर्कशॉपमधे त्यासाठी वेगळी टाकी असते आणि उरलेला गाळ तळोजा, रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जातो. घरात हे कोण करणार?

ज्यांना चमक हवीच आहे त्यांनी 400, 800, 1200 चा पेपर ओला करून मारावा, मग कापडी बफवर (मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर) पॉलिशचा साबण लावून पातं फिरवावं, मात्र धार नेहमी बफ फिरतो त्या दिशेलाच ठेवायची, उलटी धरली तर सुरी हातातून उडते. आणि इलेक्ट्रोपॉलिशच पाहिजे तर भोसरी-चाकण पट्ट्यात जॉबवर्कवाले आहेत, त्यांना विचारा.

ज्यांनी हा प्रयोग आधीच केलाय त्यांनी ते पाणी मोरीत ओतू नये, झाकणाच्या प्लास्टिक कॅनमधे भरून वर चिठ्ठी लावून मुलांपासून लांब ठेवावं आणि प्लेटिंगच्या वर्कशॉपला विचारावं. एवढं तरी आपल्या पेपरात ठळक छापा ही विनंती.

आपला एक वाचक, पिंपरी