जमैकाच्या रातव्याला इतक्यात मृत ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला नामशेष पक्ष्यांवरचा लेख आवडला. मात्र त्यात जमैकन पुअरविल या रातव्याला (जमैका बेटावरच्या निशाचर पक्ष्याला) थेट डोडोच्या पंगतीत बसवले आहे, ते खटकले. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत) तो 'अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष' या वर्गात आहे. फाइल अजून बंद झालेली नाही.

१८६० च्या सुमारास शेवटचे नमुने मिळाले, त्यानंतर काहीच नाही, हे मान्य. पण हा पक्षी आहे तरी कसा? अंगावर वाळक्या पानांची नक्षी, नळीसारख्या नाकपुड्या, दिवसभर जमिनीवर निपचित बसून राहायचे आणि अंधार पडला की किड्यांमागे निघायचे. रातव्याच्या जातीचे पक्षी पाय पडायची वेळ येईपर्यंत जागचे हलत नाहीत. ते सापडतात मुख्यतः आवाजावरून, आणि नेमका याचाच आवाज कोणी नोंदवून ठेवलेला नाही! मग रानात यंत्रे लावून रात्रभर ध्वनिमुद्रण केले, तरी त्यात ऐकायचे काय? तिथले घुबड, पोटू (रातव्यासारखाच निशाचर पक्षी), हिवाळी पाहुणे रातवे असे ओळखीचे आवाज एकेक करून वजा करायचे आणि उरेल त्याचा माग काढायचा. काम किचकट आहे, पण होण्यासारखे आहे.

लेखात सगळे खापर मुंगसावर फोडले आहे. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला मुंगूस जमैकात नेले गेले ते १८७२ साली, आणि तेही आपल्या कलकत्त्याहून, अवघी नऊ. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा त्यांनी फडशा पाडला, यात शंका नाही. तरीही शेवटचा नमुना त्याआधी दहाएक वर्षांचा आहे, हे विसरून कसे चालेल? जहाजांतून आलेले उंदीर तर शतकांपूर्वीच तिथे ठाण मांडून होते. जंगलतोडही जुनीच.

'इतक्या वर्षांत दिसला नाही, म्हणजे संपला' हा हिशेब आपल्याला तरी पटू नये. आपल्याकडचा रानपिंगळा हे छोटे घुबड दिवसाउजेडी वावरणारे; तेसुद्धा १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसले. मग रात्री फिरणाऱ्या पक्ष्याला जरा जास्त मुदत द्यायला काय हरकत आहे?

जमैकातच याचे उदाहरण आहे. तिथला इग्वाना हा मोठा सरडा १९४० च्या दशकानंतर संपला असे मानले जात होते. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत डुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्याने जिवंत इग्वाना पकडला. चुनखडीच्या खडकांवरचे ते कोरडे, काटेरी रान. कोळशासाठी आजही तिथे झाडे तोडली जातात. रातवा उरला असेल तर त्याची शक्यता याच रानात अधिक, असे जाणकार मानतात.

२०१३ मध्ये शेजारच्या गोट आयलंड्स या बेटांवर मोठे बंदर बांधण्याचा बेत पुढे आला होता. २०१६ मध्ये सरकारने तो सोडून दिला. विरोध करणाऱ्यांना त्या वेळी इग्वानाचे नाव पुढे करता आले, ते तो जिवंत असल्याचा पुरावा हाती होता म्हणून. उद्या असा दुसरा बेत आला, तर रातव्याच्या वतीनेही कोणाला तरी बोलता यायला हवे. तो मेल्याचे आपण आधीच छापून मोकळे झालो, तर ते कसे जमणार?

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक