दायित्व विमा आणि दाव्याचा खर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीनिमित्त नाशिक आणि त्र्यंबकेश्वर परिसरात लॉज, भोजनालये आणि मंडपवाल्यांची लगबग सुरू असल्याचे आपल्या अंकातून वाचतो. यांपैकी बहुतेकांकडे आगीचा विमा असतो, कारण कर्ज देताना बँकच तो काढायला लावते. परंतु आपल्या जागेत किंवा आपल्या मालामुळे एखाद्याला इजा झाली आणि त्याने दावा लावला, तर त्या दाव्याला तोंड देण्याचा खर्च कोठून करायचा, हा प्रश्न नोटीस हातात पडेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. करसल्लागार म्हणून सातपूर-अंबडमधील लघुउद्योजकांच्या आणि शहरातील दुकानदारांच्या पॉलिसी माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे लिहीत आहे.

यासाठीच दायित्व विमा असतो, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी उचलणारा विमा; एजंट त्याला ‘लायबिलिटी पॉलिसी’ म्हणतात. तो केवळ भरपाईपुरता असतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भरपाईचा आकडा ठरेपर्यंत वर्षे जाऊ शकतात, वकिलाची फी मात्र पहिल्या तारखेपासून सुरू होते. दावा फेटाळला गेला तरी झालेला खर्च आपल्याकडे क्वचितच पुरता वसूल होतो. पॉलिसीच्या कक्षेत बसणाऱ्या दाव्यात वकिलाची फी, तज्ज्ञांचे अभिप्राय आणि न्यायालयीन खर्च विमा कंपनी उचलते, आणि दावा पोकळ असला तरी बचावाचा खर्च सहसा मिळतो. लहान धंद्याला माझ्या मते याचाच आधार मोठा आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाबरोबरच विक्रेत्यावर आणि सेवा देणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. जिल्हा ग्राहक आयोगाने रक्कम देण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील करायचे ठरवले, तर त्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. वर्षाची उलाढाल जेमतेम असणाऱ्या चिवडा-लोणच्याच्या उत्पादकाला एवढा पैसा अडकवून ठेवणे परवडत नाही.

मात्र पॉलिसी असूनही माणूस उघडा पडू शकतो. शहरातील एका मंगल कार्यालयात हात धुण्याच्या जागेजवळ ओल्या फरशीवरून एक वृद्ध पाहुणे घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. कार्यालयाच्या मालकांनी माणुसकीने त्याच रात्री व्हॉट्सॲपवर ‘चूक आमचीच आहे, सगळा खर्च आम्ही देऊ’ असे लिहून पाठवले. पुढे नोटीस आल्यावर त्यांनी ओळखीचा वकील परस्पर नेमला आणि विमा कंपनीला दोन महिन्यांनी कळवले. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, खर्च करू नये आणि घटना तत्काळ कळवावी, या तिन्ही अटी एव्हाना मोडल्या होत्या. विचारपूस करणे, रुग्णालयात पोहोचवणे याला कोणतीही पॉलिसी आड येत नाही. लेखी कबुली मात्र कंपनीला विचारूनच द्यावी.

पॉलिसी घेताना आणखी एक ओळ शोधून वाचावी. आपल्याकडील बहुतेक पॉलिसींत बचावाचा खर्च विम्याच्या मर्यादेतूनच वजा होतो. म्हणजे मर्यादा दहा लाखांची असेल आणि वकिलावर तीन लाख गेले, तर भरपाईसाठी सातच लाख उरतात. स्वस्त हप्त्याच्या मोहाने लहान मर्यादा घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. फौजदारी खटल्यात झालेला दंड मात्र विमा कंपनी भरत नाही.

भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या १९९१ च्या कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांना असा विमा सक्तीचा केला. मंगल कार्यालयाला किंवा बाहेर मुलांसाठी झोपाळे लावणाऱ्या मिसळीच्या हॉटेलाला तशी सक्ती नाही, आणि सरसकट सक्ती करावी असे माझेही म्हणणे नाही. परंतु सिंहस्थासाठी तात्पुरते परवाने देताना महापालिकेने अर्जदाराला या विम्याची माहिती मराठीत द्यावी, आणि निमा, आयमा यांसारख्या येथील उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी एकत्रित बोलणी करून बचावाचा खर्च मर्यादेबाहेर धरणारी पॉलिसी मागून पाहावी. एकट्या दुकानदाराला कंपनी अशी सवलत सहसा देत नाही.

आपला,
एक करसल्लागार, इंदिरानगर, नाशिक